पेन्सिलवाल्या बाई

पुस्तकं बाद करायचा दिवस आमच्या वाचनालयात कुणालाच आवडत नाही. वाळवी लागलेली, शिवण सुटलेली, पानं गळालेली पुस्तकं ही सोपी प्रकरणं. खरी पंचाईत धडधाकट पुस्तकांची, ज्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. तारीख-चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का बघायचा, पुस्तक चाळायचं आणि ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं.

त्या दिवशी चाळताना समासात पेन्सिलीची बारीक अक्षरं दिसली. आधी विज्ञानाच्या कपाटात, मग चरित्रांमध्ये, मग रहस्यकथांमध्ये. हस्ताक्षर एकाच व्यक्तीचं. सहकारी म्हणाला, "खोडरबर आणतो. आणि माणूस सापडला की दंड." नियमाने त्याचं बरोबरच होतं. मी मात्र वाचत बसलो.

ग्रहमालेवरच्या पुस्तकात नऊ ग्रहांच्या तक्त्याशेजारी लिहिलं होतं: "२४ ऑगस्ट २००६ नंतर आठ, प्लूटो वगळला. पुस्तक १९९८चं, त्याचा दोष नाही. पण मुलांना पहिलं पुस्तक म्हणून हे देऊ नये. धूमकेतूंचं प्रकरण मात्र सुंदर." आम्हाला जो निर्णय करायचा होता, तो कुणीतरी कारणांसकट आधीच करून ठेवला होता.

यशाचे मंत्र देणाऱ्या एका पुस्तकात चाळिसाव्या पानावर एकच ओळ: "इथवरचं सगळं मलपृष्ठावर आहे." मी मोठ्याने हसलो. या प्रकारातल्या निम्म्या पुस्तकांवर हाच शेरा मारावा असं माझंही मत आहे.

पण थबकलो ते एका आत्मचरित्रापाशी. हे पुस्तक नावाजलेलं. परीक्षणांत त्याला 'प्रांजळ' म्हणायची जणू पद्धतच पडली आहे. पेन्सिलीने लिहिलं होतं: "लग्न पान ६१. पत्नीचा पुढचा उल्लेख पान २०४, तिचं निधन. मधली चोवीस वर्षं बाई कुठे होत्या?" मी पानं उलटून ताडून पाहिलं. खरंच नव्हत्या.

कवितासंग्रहात एका कवितेखाली "कळली नाही" आणि त्याखाली, बहुधा पुढच्या वाचनानंतर, "अजूनही कळली नाही. पाठ मात्र झाली." कवितेबद्दलचा इतका प्रामाणिक अभिप्राय मी परीक्षणांत क्वचित वाचलाय.

दुपारी एक मध्यमवयीन बाई देवघेवीच्या टेबलावर रहस्यकथा परत करायला आल्या. मी सवयीने पानं फिरवली. तेच अक्षर, शिसं अजून चकाकत होतं: "खुनी पान २१२ वर पहिल्यांदा दिसला. ही फसवणूक."

"ताई, हे तुम्ही लिहिता?"

त्या जराही गडबडल्या नाहीत. "हो. पुढच्यासाठी लिहिते, सर. मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या."

मी म्हटलं, तुमची तक्रार जुनीच आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला पहिलाच हा, की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला असला पाहिजे. त्यांना भलताच आनंद झाला. मग आमचं ऐतिहासिक कादंबऱ्यांवरून वाजलं. त्यांचं म्हणणं, पात्रं बोलत नाहीत, भाषणं देतात; कुणी कुणाचं वाक्य तोडत नाही. मला ते भारदस्तपण आवडतं. नाटकासारखं ऐकायचं असतं ते. "मग नाटकच लिहावं की," त्या म्हणाल्या. यावर मला उत्तर सुचलं नाही, मत मात्र बदललेलं नाही.

दंडाचा विषय काढावाच लागला. इंग्रज निबंधकार चार्ल्स लँबने १८२० मधल्या एका निबंधात लिहून ठेवलंय की कवी कोलरिजला पुस्तक उसनं दिलं तर ते टिपांनी समृद्ध होऊन परत येतं. पण ती लँबची स्वतःची पुस्तकं होती. आमची सगळ्यांची आहेत, आणि दुसऱ्याच्या मताविना कोरं पान वाचायचा हक्क पुढच्या सभासदालाही आहे. खुनी कुठल्या पानावर येतो हे आधीच कळलं, तर त्याने वाचायचं काय? हे त्यांना पटलं. पटकन नव्हे.

यादी संगणकावर गेल्यापासून जुन्या तालिकेची कोरी कार्डं खणात पडून होती. एक गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. "पुस्तकावर एक कार्ड लिहा, आम्ही कपाटापाशी लावू. शेवट फोडायचा नाही."

त्यांनी कार्ड उलटसुलट केलं. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटर. "एवढ्यात आत्मचरित्र नाही मावायचं."

"मागची बाजू आहे की."

संध्याकाळी ग्रहमालेचं पुस्तक बाद झालं, आत्मचरित्र राहिलं. यशाच्या मंत्रांवर सहकाऱ्याशी बराच वाद झाला, कारण त्या पुस्तकाला मागणी आहे आणि मागणीपुढे माझं मत चालत नाही. तेही राहिलं. दंड मी लावला नाही. खोडरबर घेऊन पुढचे काही दिवस टिपा पुसत बसलो, त्याआधी कामाच्या तेवढ्या उतरवून घेतल्या.

निघताना बाईंनी मागणी-वहीत नोंद केली होती. लेखक आणि शीर्षकाचे रकाने रिकामे सोडून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: "रहस्यकथा, कोणतीही चालेल. खुनी पहिल्या पन्नास पानांत आलेला असावा. खात्री करूनच घ्यावी."