एका बोटाने दाखवता येणारी पोटदुखी

ताप नाही, उलटी नाही, भूक बरी. पण पेशंट ओटीपोटात डावीकडे बोट ठेवून सांगतो, ‘इथेच दुखतंय, खोकलं की जास्त.’ पांढऱ्या पेशी नॉर्मल. तरीही डायव्हर्टिक्युलायटिस (मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या छोट्या पिशव्यांची सूज) समजून अँटिबायोटिक सुरू होतात आणि उजवीकडे दुखत असेल तर अपेंडिक्स काढायची तयारी. पेशंटचं ते एक बोट फार महत्त्वाचं असतं.

आधी कार्नेट चाचणी. पेशंटला उताणं झोपवून दुखऱ्या जागी बोट दाबून धरा, हात छातीवर घडी घालून डोकं आणि खांदे उचलायला सांगा. दुखणं तितकंच राहिलं किंवा वाढलं, तर मूळ बहुधा पोटाच्या भिंतीत. कमी झालं तर आत, कारण ताठ झालेला स्नायू आतल्या अवयवाला बोटापासून वाचवतो. चूक होते ती इथे: पेशंट उठू लागला की तपासणाऱ्याचा दाब नकळत सैल पडतो. पोट कडक लागत असेल तर हा खटाटोप नको, थेट सर्जनला बोलवा. बाळंतपणाच्या वयातल्या बाईची प्रेग्नन्सी टेस्ट तर अगोदरच व्हायला हवी.

भिंतीतलं नेहमीचं कारण म्हणजे रेक्टस, म्हणजे पोटाच्या पुढच्या उभ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेला अडकलेली नस. तिथली कातडी चिमटीत धरली तरी दुखते. त्याच बिंदूवर लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत आराम पडला, तर निदानाला चांगला आधार मिळतो.

आतलं कारण मात्र हमखास निसटतं: एपिप्लोइक अपेंडेजायटिस. मोठ्या आतड्याला बाहेरून चरबीचे 50 ते 100 छोटे लोंबते गोंडे असतात. एखाद्याला पीळ पडला किंवा त्याची शीर गोठली, की रक्तपुरवठा तुटून तो सुजतो. सोनोग्राफीत प्रोब नेमका त्या बोटाखाली ठेवायला सांगा. आतड्याला चिकटलेला, दाबूनही न दबणारा पांढुरका अंडाकृती गोळा दिसतो, डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आत रक्तप्रवाह नसतो. सीटीत बहुधा पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, चरबीच्याच घनतेचा गोळा, भोवती पातळ पांढरी कड, कधी मधोमध गोठलेल्या शिरेचा ठिपका. आतड्याची भिंत जवळपास नॉर्मल. गोळा याहून मोठा, उजवीकडे आणि कडेशिवाय असेल, तर ओमेंटमचा (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा) इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग, असू शकतो.

अँटिबायोटिक लागत नाहीत, ऑपरेशन तर सहसा नाहीच. अल्सर किंवा किडनीचा त्रास नाही ना, हे विचारून चार-सहा दिवस आयबुप्रोफेन हे वेदनाशामक. बहुतेकांचं दुखणं एक-दोन आठवड्यांत जातं. सीटीतल्या खुणा त्यानंतरही काही महिने दिसू शकतात, म्हणून बऱ्या झालेल्या पेशंटचा सीटी उगाच पुन्हा काढू नका. पण ताप आला, उलट्या सुरू झाल्या किंवा दुखणं पसरत गेलं, तर हे निदान बाजूला ठेवून पोट नव्याने तपासा.