अकरा दिवस खांद्यात राहिलेलं पातं

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, पण गेली बरीच वर्षं टेक्सासमधे राहतोय आणि इथं तिरंदाजीच्या एका दुकानात बो टेक्निशियन म्हणून काम करतो. म्हणजे कंपाउंड बोच्या (चाकं लावलेल्या धनुष्याच्या) दोऱ्या बदलणं, ट्यूनिंग, ॲरो म्हणजे बाण कापून बनवून देणं हे सगळं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार बंद आहे त्यामुळे गावाकडच्या लोकांना माझं काम सांगितलं की आधी विचित्र वाटतं. पण इथं रानडुकरं ही मूळची नाहीतच, स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटून रानटी झाली, नंतर त्यात युरोपातली रानडुकरं मिसळली, आणि आता शेताचं एका रात्रीत जे करून ठेवतात ते बघून मला आमच्या भुईमुगाचं वावर आठवतं. अगदी तसंच उकरलेलं, नांगर फिरवल्यासारखं. २०१९ पासून तर खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की डुकरासाठी शिकारीचं लायसन्सही लागत नाही.

तर त्या दिवशी, सोमवार होता, दुकान उघडून अर्धा तास झाला असेल, एक जुने गिऱ्हाईक आत आले. साठीच्या पुढचे, स्वतःची गुरं आहेत, शांत माणूस. हातात बो नव्हता, कूलर होता. काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "तूच बनवून दिलेला ॲरो आहे, बघ."

बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत मोठ्या नर डुकराच्या खांद्याचा तुकडा होता, केसासकट. अकरा दिवसांपूर्वी त्यांनी २२ यार्डावरून त्याला मारलेलं, ॲरो खांद्यावर बसला, चारेक इंच आत गेला असेल, डुक्कर पळालं आणि शाफ्ट (ॲरोची काडी) तुटून रस्त्यात पडला. रक्त साठ यार्डांपर्यंत थेंब थेंब, मग काहीच नाही. दोन दिवस शोधलं. आणि आदल्या रात्री ते त्यांच्या ट्रॅपमधे सापडलं, लंगडत होतं, रायफलनं संपवलं आणि कापताना आत हे पातं निघालं.

मी ग्लोव्ह्ज घातले (रानडुकराला हात लावताना घालायचेच, ब्रुसेलोसिस हा आजार माणसाला लागतो) आणि मागच्या टेबलावर तो तुकडा आडवा कापला. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कुर्च्यासारखा थर असतो, इथं त्याला शील्ड म्हणतात, नर आपसात सुळ्यांनी झुंजतात तेव्हा त्यानं बरगड्या वाचतात, आणि वय वाढेल तसा तो जाड होत जातो. व्हर्नियर लावला तर २७ मिलिमीटर. सुरी त्यातून नीट जात नव्हती. आणि त्याच्या आतल्या बाजूला, फऱ्याच्या हाडाला टेकून, माझ्या हातचं ब्रॉडहेड, ॲरोचं पात्यांचं टोक. भोवती पू. एक पातं वाकलेलं, दुसरं अर्धवट उघडलेलं, मागचा ॲल्युमिनियमचा इन्सर्ट (शाफ्टच्या तोंडात बसतो, त्यात हेड बसवतात) बोटासारखा वाकलेला. अकरा दिवस ते जनावर हे घेऊन चालत होतं, ह्या विचारानं मला खरंच बसावं लागलं.

कारण तो ॲरो मी का तसा बनवला ते मला आठवत होतं. ऑक्टोबरातला शनिवार, दुकानात गर्दी, त्यांनी विचारलं फास्ट होईल का, आणि मी हलका शाफ्ट, पुढं १०० ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) मेकॅनिकल हेड, म्हणजे लागल्यावर पाती उघडणारं, सगळा मिळून ४०० ग्रेन, वेग मोजायच्या क्रोनोग्राफवर २७० फूट प्रति सेकंद, आकडा बघून दोघंही खुश. पेपर ट्यून केलं नाही, वेळ नव्हता. हरणाला ते चाललंही असतं. डुकराला नाही.

त्यांना म्हणलं आज पैशाचं काही बोलू नका, बो घेऊन या, दिवसभर बसू. ते घरी जाऊन घेऊन आले.

पहिल्यांदा कागदातून मारलं. फ्रेममधे ताणलेल्या कागदातून सहा फुटांवरून ॲरो मारायचा आणि भोक बघायचं, सरळ गेला तर एक गोल आणि तीन वेनच्या (शेपटाच्या पिसांच्या) चिरा. इथं पाऊण इंचाची आडवी फाट आली, शेपूट डावीकडे. म्हणजे टोक लागतं त्या क्षणी शाफ्ट तिरका असतो, सगळा जोर टोकामागून न येता बाजूनं येतो आणि शाफ्ट वाकण्यात खर्च होतो. लोक वजनाबद्दल, पात्याबद्दल भांडत बसतात पण तिरका उडणारा ॲरो कितीही भारी असू दे, तो घुसत नाही, हे मी आता प्रत्येकाला पहिलं सांगतो. डॉ. एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात खऱ्या जनावरांवर बाण किती घुसतो याचा अभ्यास सुरू केला, त्यांच्या यादीतही पहिल्या नंबरला बाण न मोडणं आणि दुसऱ्याला सरळ उडणं आहे, वजन नंतर येतं. मी हे वाचलेलं होतं. वाचलेलं असून शनिवारी केलं नाही.

मग नवे ॲरो. पुढं वजन वाढवलं की शाफ्ट सुटताना जास्त वाकतो म्हणून ४०० स्पाइन (कडकपणाचा आकडा, जितका कमी तितका शाफ्ट कडक) काढून ३०० चा कडक शाफ्ट घेतला, साडेअठ्ठावीस इंच. स्टीलचा ६० ग्रेनचा इन्सर्ट, इपॉक्सीनं चिकटवला, बाहेरून शाफ्टच्या तोंडावर छोटी कॉलर, म्हणजे हाडाला लागलं तरी कार्बन फुटून मागं सरकणार नाही. हेड २०० ग्रेनचं, दोन पात्यांचं, फिक्स, लांब आणि अरुंद, सिंगल बेव्हल, म्हणजे धार एकाच बाजूनं घासलेली. मेकॅनिकल हेड उघडण्यातच ताकद खातं आणि रुंद पातं जास्त मांस कापायला जास्त जोर मागतं, शील्डमधे तर दुप्पट त्रास. सिंगल बेव्हल आत जाताना फिरतं आणि हाडाला चीर पाडतं, पण बेव्हल उजवा असेल तर वेनही उजव्या हेलिकलला (पिळात) लावायच्या, नाहीतर दोघं एकमेकांविरुद्ध फिरतात.

एकूण ५६० ग्रेन. वेग २३२ वर आला आणि काकांचा चेहरा पडला (मी मनात त्यांना काकाच म्हणतो). मग कागदावर हिशेब मांडला. एनर्जी जवळपास तीच राहते, ६५ ची ६७ फूट-पाउंड, पण मोमेंटम (वजन गुणिले वेग) वीस टक्क्यांनी वाढतो, आणि चिवट वस्तूत शिरल्यावर ॲरो लवकर थांबत नाही तो मोमेंटममुळे. ॲशबींनी जाड हाडासाठी ६५० ग्रेनचा उंबरठा सांगितलाय, तिथपर्यंत मी गेलो नाही, काकांचा बो ओढायला ६० पाउंडाचा आणि खांद्याला जुनं दुखणं, ॲरो इतका खाली पडला असता की अंतराचा अंदाज काही यार्डांनी चुकला तर जखमी जनावर. बॅलन्स बघितला तर नॉकपासून (दोरी अडकते ती मागची खाच) सव्वावीस इंचांवर, म्हणजे एफओसी (तोल मध्यापासून किती पुढं आहे ते) २१ टक्के, आधी १२ होता.

रेस्ट (ॲरो टेकतो तो आधार) केसभर केसभर सरकवत कागदात गोल भोक यायला दीड तास गेला. मग बिनवेनचा शाफ्ट २० यार्डावरून, तो वेनवाल्यांच्या शेजारी बसला तेव्हा मला बरं वाटलं. नेम धरायची पिन खाली घ्यावी लागली, २० यार्डालाच साडेतीन इंचांचा फरक. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आधी आली, बोचा आवाज कमी झाला. भारी ॲरो बोची ताकद जास्त उचलतो, उरलेली थरथर कमी.

दुपारी आम्ही टार्गेटच्या फोममधे किती घुसला ते मोजलंच नाही, ते मोजण्यात अर्थ नाही, फोम शाफ्टला बाजूनं धरून ठेवतो, ओल्या मांसात तसं होत नाही. त्याऐवजी मी हेड दगडावर घासत बसलो, मग चामड्यावर, हातावरचे केस निघेपर्यंत. पाकिटातून काढलेलं हेड बहुतेक वेळा पुरेसं धारदार नसतं.

आणि शेवटी खडूनं डुक्कर काढलं मागच्या भिंतीवर. हरणाची सवय असलेला माणूस खांद्याच्या मागं मधोमध मारतो, डुकराचं हृदय आणि फुप्फुसं पुढं आणि खाली असतात, हृदय जवळजवळ पुढच्या पायांच्या मधे. आडवं उभं असताना मारलं तर शील्ड मधे येणारच. त्याला तोंड फिरवू द्या, मागून तिरका मारा, बरगड्यांतून आत आणि पलीकडच्या पुढच्या पायाकडे बाहेर, आणि ते तसं उभं राहिलं नाही तर सोडून द्या. पलीकडे भोक पडलं पाहिजे, तेही खाली, कारण चरबी आणि केस वरचं भोक बुजवतात, रक्त सांडतच नाही. ते बराच वेळ त्या खडूच्या डुकराकडे बघत उभे होते. म्हणाले, "त्या दिवशी ते आडवंच होतं. मी थांबायला हवं होतं." मी म्हणलं ॲरो माझा होता.

संध्याकाळी सहा ॲरो घेऊन गेले.

साधारण महिन्यानं परत आले, या वेळी हातात एकच ॲरो. १८ यार्ड, तिरकं उभं होतं, ॲरो आरपार जाऊन पलीकडच्या चिखलात रुतलेला, डुक्कर तीसेक यार्डांवर पडलं. नर होता, जुना. मी शाफ्ट फिरवून बघितला, सरळ, इन्सर्ट जागच्या जागी, फक्त पात्याच्या एका कडेला बरगडीमुळे बारीक खाच पडलेली. ती काढून धार लावून पाहिजे होती, त्यासाठीच आले होते. मी दगड काढला.