तुम्ही विचारलंत म्हणून: लघवीतून कॅल्शियम जातंय, मग दूध बंद करू का?

सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न इतक्यांदा येतो, की समोरचा रिपोर्टची घडी उलगडायला लागला की मला कळतंच. मुतखडा पडलेला असतो किंवा काढलेला असतो, डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितलेली असते आणि त्यात कॅल्शियम जास्त आलेलं असतं. साधारणपणे दिवसाला बायकांत 250 आणि पुरुषांत 300 मिलीग्रॅमच्या वर गेलं की जास्त धरतात. तोवर घरच्यांनी निकाल देऊन टाकलेला असतो: खडा कॅल्शियमचा ना, मग दूध, दही, पनीर, नाचणी सगळं बंद!

बंद करू नका.

शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत असतं, सुमारे एक किलो. रक्तातली पातळी मात्र शरीर काहीही करून सांभाळतं, कारण हृदय आणि स्नायू तिच्यावर चालतात. बाजारातून धान्य आलं नाही की कणगी उघडावी लागते, तसं ताटातून आलं नाही की हाडांतून काढलं जातं. लघवीतली गळती चालूच राहते. अशा खडेवाल्यांच्या हाडांची घनता बरेचदा आधीच कमी असते, त्यात दूध तोडायचं म्हणजे कमालच. पाळी गेलेल्या बायकांना तर मी हे दोनदा सांगते.

बरं, खड्याचा तरी फायदा होतो का? तोही नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. पालक, शेंगदाणे, चहा यांतलं ऑक्झलेट जेवणातल्या कॅल्शियमला आतड्यातच चिकटतं आणि शौचावाटे निघून जातं. जेवणात कॅल्शियमच नसेल तर ते शोषलं जाऊन थेट मूत्रपिंडात पोचतं. इटलीतल्या बोर्गी आणि सहकाऱ्यांनी लघवीत कॅल्शियम जास्त असलेल्या, पुन्हा पुन्हा खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर पाच वर्षं हेच तपासलं. निष्कर्ष 2002 साली छापून आले. निम्म्यांचं कॅल्शियम कमी केलं. उरलेल्यांचं नेहमीएवढंच ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केला. पहिल्या साठांत 23 जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या साठांत 12 जणांना.

तेव्हा कात्री लावायची ती मिठाला. जादा मिठातलं सोडियम बाहेर टाकताना मूत्रपिंड सोबत कॅल्शियमही सोडून देतं, सहा ग्रॅम मिठामागे साधारण 40 मिलीग्रॅम. आकडा किरकोळ वाटतो, पण वर्षाचे 14 ग्रॅमच्या वर होतात.

"मीठ मी कमीच खाते हो, वरून तर घेतच नाही," असं सगळेच म्हणतात. एका ताईंच्या त्याच रिपोर्टमध्ये सोडियम 210 मिलीमोल होतं, म्हणजे दिवसाला बारा ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना पाचच्या आत ठेवा म्हणते. मग आम्ही बसून आदला दिवस आठवला. भाकरीबरोबर शेंगा चटणी, ताकात मीठ, आमटीबरोबर पापड, लोणच्याची फोड, संध्याकाळी चहासोबत फरसाण. फरसाणापर्यंत आल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "पुरे मॅडम, कळलं." शेंगा चटणी सोडा असं सोलापुरात म्हणायची माझी छाती नाही. चमचा लहान करा आणि सोबत बिनमिठाचं दही घ्या, एवढंच सांगते. पाणी मात्र भरपूर, विशेषतः इथल्या उन्हाळ्यात. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. मूत्रपिंड किंवा हृदयाचा वेगळा त्रास असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांकडून घ्या.

जेवणाच्या पलीकडची कारणंही असतात. पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल तर रक्तातलंही कॅल्शियम वाढतं. ते डॉक्टर तपासतात. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची आठवड्याची पुडी मनानेच महिनोन्महिने चालू ठेवणारे मला दर थोड्या दिवसांनी भेटतात. कॅल्शियमची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती बहुधा जेवणासोबत घ्यायची असते, रिकाम्या पोटी नाही. अनेकांच्या बाबतीत काहीच कारण सापडत नाही आणि घरात आणखी कुणालातरी खडे असतात. अशांना काही वेळा थायाझाइड गटातली गोळी देतात, लघवीतलं कॅल्शियम कमी करायला. ती घेऊन वर फरसाण चालू ठेवलं तर गोळीचा जोर कमी पडतो.

आणि तपासणी परत करायची असेल तर नीट करा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंतची सगळी, सकाळची पहिली धरून, कॅनमध्ये. कॅनमध्ये आधीच थोडं आम्ल घातलेलं असू शकतं, ते ओतून कॅन विसळू नका. ऑफिसात किंवा लग्नात असताना हे जमत नाही, रविवार बघा. मध्ये एखादी वेळ चुकली तर लॅबला सरळ सांगा आणि पुन्हा करा. पाणी घालून पातळी भरू नका. हसू नका, असं करून आलेले आहेत.