आमची वाटचाल: टाकी धुणार कोण?

दुकानाच्या काउंटरखाली पत्र्याच्या डब्यात एक हिरकणी ठेवली आहे. टोक झिजलंय, आता ती नुसतं ओरखडते. १९९८ साली नागपूरच्या महाल भागातल्या भाड्याच्या खोलीत आमची पहिली माशांची टाकी जोडली गेली, ती हिनेच कापलेल्या काचांची. काच कापायचं काम भागीदाराचं, काचा चिकटवायची सिलिकॉनची गन माझ्या हातात. तो आधी इतवारीत खिडक्यांच्या काचा कापायचा. रेघ एकदाच ओढायची, परत हात फिरवला की काच वाकडी तुटते, हे त्याच्याकडूनच शिकलो.

पहिली सात-आठ वर्षं गोल्डफिश, गप्पी, दोन-तीन फुटी टाक्या आणि खडीखालचा फिल्टर यांत गेली. मग फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना या मोठ्या माशांची हवा आली. घरात अरोवाना असला की पैसा येतो म्हणे. कोणाच्या घरात आला माहीत नाही, आमच्याकडे मात्र मोठ्या टाक्यांच्या ऑर्डरी आल्या.

त्यातलीच एक २००७ ची. वर्धा रोडवरच्या एका लग्नाच्या लॉनच्या मालकाला स्वागतकक्षात आठ बाय अडीच बाय अडीच फुटांची टाकी हवी होती. पन्नास घनफूट, म्हणजे चौदाशे लिटर. मी कोटेशनसोबत संपचं ड्रॉइंग दिलं होतं. म्हणजे खाली पाणी गाळायची वेगळी टाकी, तिला पाच कप्पे, वरून पाणी उतरतं आणि पंपाने परत चढतं. मालक म्हणाले, पाण्याचा आवाज नको, पाहुणे बसतात. मी मान डोलावली आणि खालच्या कपाटात दोन कॅनिस्टर, म्हणजे डबाबंद फिल्टर, बसवले. एकेका खोक्यावर ‘१५०० लिटरपर्यंत’ असं छापलेलं होतं. ती मान डोलावल्याची किंमत मी पुढची तीन वर्षं भरली.

मे महिना, लोडशेडिंगचे दिवस, पारा ४५ च्या वर. दुपारी लाइट गेली. जनरेटरवर एसी होते, झुंबरं होती, टाकीची लाइन मात्र कोणी जोडलीच नव्हती. सात तास कॅनिस्टर बंद. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांवर राहतात, आणि त्यांना प्राणवायू लागतो. कॅनिस्टर हा झाकणबंद डबा. पाणी थांबलं की आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरतात आणि डबा सडतो. त्यात पाणी गरम. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना ७. रात्री लाइट आली, मोटारी सुरू झाल्या आणि ते सडकं पाणी सगळं टाकीत. सकाळी मी पोचलो तेव्हा सडक्या अंड्यांचा वास दारापर्यंत येत होता आणि अरोवाना पोट वर करून तरंगत होता.

बाकीचे पैसे बुडाले. त्या लॉनवर प्रत्येक लग्नात आमच्या नावाचा उद्धार झाला. ठरलेल्या चार ऑर्डरी परत गेल्या, हप्त्यावर घेतलेला छोटा हत्ती फायनान्सवाले घेऊन गेले.

आणि नेमकं तेव्हाच आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एक एसी शोरूम उघडलं. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना कळेल. त्यांनी त्याच लॉनवर त्याच टाकीला संप करून दिला. मी वर्षभराने एका लग्नाला गेलो होतो, हात धुवायच्या निमित्ताने कपाट उघडून पाहिलं. पाच कप्पे! खरं तर तीन पुरतात. पाच काढणं ही माझी त्या काळातली चूक होती. चुकीसकट उतरवलं होतं. काचांच्या कडा पाहिल्या आणि रेघही ओळखली. भागीदार शोरूम उघडायच्या तीन महिने आधीच ‘गावाकडे शेती बघतो’ म्हणून गेला होता.

त्या पडत्या काळात दुकानाची पायरी चढणारे एकच, अजनीचे काका. रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले. सहा बाय दोन बाय दोनची टाकी, चार ऑस्कर मासे आणि एक वही, जिच्यात पाण्याचं रोजचं तापमान आणि दर रविवारी टेस्ट किटने केलेल्या तपासणीची नोंद. संपची पूर्ण रक्कम त्यांनी आगाऊ दिली. मी पंपाचे आकडे सांगू लागलो तर म्हणाले, “किती लिटर फेकते ते मले नको सांगू. लाइट गेल्यावर काय होते ते सांग. आन् टाकी धुणार कोण, तू का मी?”

मग आम्ही दोघांनी मिळून मेन स्विच दहा वेळा बंद केला. ते स्विचपाशी, मी फूटपट्टी घेऊन संपपाशी. त्या टाकीत पाणी इंचभर उतरलं की २८ लिटर खाली येतं, तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडलं, म्हणजे तिथे हवा शिरते आणि पाइप उलटं पाणी ओढत नाही. हे भोक शेवाळाने बुजतं. काका दर रविवारी टाचणीने साफ करतात. जे करत नाहीत त्यांचे मला रात्री दोन वाजता फोन येतात, फरशीवर पाणी आलं म्हणून.

एवढं सांगितलंच आहे तर आणखी थोडं. मोठ्या, खादाड माशांना तासाला टाकीच्या पाचपट पाणी फिरायला हवं. काकांच्या ६८० लिटरला ३४०० झालं. पण खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी चार-पाच फूट चढवायचं तर मोठाच पंप घ्या. कूलरची मोटर संपमध्ये टाकू नका, बाप्पा, हात जोडतो! मे महिन्यात संपवर कूलरसारखा पंखा लावा. आपली कोरडी हवा असते, बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं घाला, नाहीतर क्षार साठत जातात. पावसाळ्यात या पंख्याचा काही उपयोग नाही. रिंगा नळाखाली कधीच धुवायच्या नाहीत, क्लोरिनने जिवाणू जातात. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात खळबळायच्या. फिल्टरमधला कापूस मात्र सरळ फेकून द्या, वीस रुपयांसाठी काय जीव जाळायचा. आणि नवा फिल्टर बसवला की महिना-दीड महिना मोठा मासा मागू नका. मागितला तरी मी देत नाही. गिऱ्हाईक शोरूमला गेलं तर जाऊ दे.

२०१० नंतरचं सांगण्यासारखं काही नाही. धंदा चालला, दुकान स्वतःचं झालं, मुलगा आता ड्रिलने काचेला भोकं पाडतो, माझ्यापेक्षा सफाईने. शोरूमच्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

मागच्या आठवड्यात त्या लॉनच्या मॅनेजरचा फोन आला. नवा माणूस आहे, जुनं काही ठाऊक नाही. संप गळतोय म्हणे, शेवटच्या कप्प्यातून. मंगळवारी जातो म्हटलं, व्हिजिटचे पैसे आधी घेतले. पिशवीत सिलिकॉनची गन टाकली आहे, आणि २००७ चं ते बिलही, बाकी रकमेसकट.