आमची वाटचाल : सुट्या सीडींपासून बॉक्स सेटपर्यंत

पश्चिम लंडनमधील आमच्या दुकानाचा आरंभ वापरलेल्या सीडींच्या खरेदी-विक्रीने झाला. पण गाणी इंटरनेटवर ऐकण्याची सवय लोकांना लागली तसा हा माल पडून राहू लागला, आणि आम्ही वापरलेल्या बॉक्स सेटकडे, म्हणजे एकाच पेटीत विकल्या जाणाऱ्या अनेक सीडींच्या संचांकडे, वळलो. त्यातील खाचाखोचा आम्हांला शिकवल्या त्या याच भागात वाढलेल्या ‘द क्लॅश’ या पंक रॉक बँडच्या, सप्टेंबर २०१३ मध्ये निघालेल्या ‘साउंड सिस्टिम’ या बॉक्स सेटने.

या संचाची पेटी बँडचा बास गिटारवादक पॉल सिमोनन याने मोठ्या कॅसेट प्लेअरच्या आकाराची केली आहे. आत ११ सीडी आणि एक डीव्हीडी आहे. १९७७ ते १९८२ या काळातील पाच स्टुडिओ अल्बमना ८ सीडी दिल्या आहेत. उरलेल्या तिन्हींवर एकेकटी निघालेली गाणी, डेमो (गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणे) आणि इतर दुर्मीळ ध्वनिमुद्रणे आहेत. ‘लंडन कॉलिंग’ हा मूळ दोन एलपी तबकड्यांचा अल्बम एका सीडीवर सहज मावतो, तरीही येथे तो दोन सीडींवर आहे आणि तीन तबकड्यांचा ‘सँडिनिस्टा!’ तीन सीडींवर. पूर्वी तबकडी बदलायला जेथे उठावे लागे तेथेच श्रोत्याला आजही उठावे लागते, ही उधळपट्टी आम्हांला मुळीच वाटत नाही.

विकायला आलेला संच आम्ही ग्राहकासमोरच उघडून तपासतो, कारण सीडी सहसा शाबूत असतात, हरवते ते बाकीचे : बिल्ले, स्टिकर, सैनिकांच्या गळ्यात असतात तसे धातूचे ओळखपट्टे, सिगारेटसारख्या नळीत गुंडाळलेले पोस्टर. बिल्ले जाकिटाला लावले जाणारच (पंकच्या चाहत्याकडून दुसरी अपेक्षा ती काय करावी!). जे नसेल त्याची नोंद चिठ्ठीवर करून आम्ही तेवढी किंमत उतरवतो.

किमतीचा विषय या बँडच्या बाबतीत जरा नाजूकच आहे. १९८० मध्ये ‘सँडिनिस्टा!’ स्वस्तात विकला जावा म्हणून त्यांनी ब्रिटनमधील पहिल्या दोन लाख प्रतींवरील मानधन सोडले होते. त्यांच्याच गाण्यांची ही महागडी पेटी नवी घेणे ज्यांना जड जाते, असे कितीतरी जण आमच्याकडे येतात.

या संचात १९८५ चा ‘कट द क्रॅप’ हा अल्बम मात्र नाही. गिटारवादक मिक जोन्स याला १९८३ मध्ये काढून टाकल्यानंतर तो अल्बम निघाला आणि ड्रमवादक टॉपर हेडन त्याआधीच बाहेर पडला होता, त्यामुळे हे वगळणे आम्हांला समजते. तरी कारकीर्दीचा दस्तऐवज म्हणून ते आम्हांला पटत नाही. दुकानात तो अल्बम आम्ही पेटीशेजारीच सुटा ठेवतो आणि संच नेणाऱ्यांपैकी काही जण तोही बरोबर घेतात.