फियाटला रंग दिला, पण बिल आलं ते पत्र्याचं

काकांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, रंगवून आणल्यापासून गोव्यातल्या आमच्या फोंड्यात जो भेटतो तो एकच विचारतो, रंगाला किती गेले रे? मी आकडा सांगतो, समोरचा डोळे मोठे करतो आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. एकूण खर्च एक लाख पासष्ट हजाराच्या आसपास गेला, आणि त्यात प्रत्यक्ष रंग, म्हणजे चार लिटर टू-के पीयू (दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) आणि त्यात मिसळायचा, रंग कडक करणारा हार्डनर, हे फक्त नऊ-साडेनऊ हजारांचं. बाकी सगळं रंगाच्या खाली गेलंय. जुन्या गाडीचं कोटेशन घेताना हे डोक्यात नसलं नं, की माणूस स्वस्त कोटेशनला हो म्हणतो.

कारण स्वस्त कोटेशन मिळतंच. आम्हालाही मिळालं, पंचेचाळीस हजारात फुल बॉडी. पण त्यात काचा काढणार नव्हते, रबरांवर टेप मारणार, जुन्या रंगावर घासायचा पेपर फिरवून वर नवीन रंग मारणार. चार-पाच वर्षांच्या हॅचबॅकला हे चालून जाईल, तिच्या खाली कंपनीचा धड रंग असतो. आमच्या जीडीए नंबरच्या, म्हणजे गोव्याच्या जुन्या सिरीजच्या गाडीवर मधल्या काळात कुठल्या कुठल्या गॅरेजनी काय काय चढवलं होतं देव जाणे. एनसी होता, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा लवकर सुकणारा रंग, त्याच्याखाली सिंथेटिक इनॅमल होता, दारांच्या खालच्या बाजूला तर पुट्टी इतकी जाड की लोहचुंबक चिकटेना. ही लोहचुंबकाची युक्ती फुकट आहे, जुनी गाडी विकत घेतानासुद्धा करा, पातळ फडक्यात गुंडाळून दार, सिल (दारांखालची पट्टी), चाकांच्या कमानी अशी फिरवा, जिथे सुटतो तिथे खाली पत्रा कमी आणि पुट्टी जास्त.

आणि वेगवेगळ्या जातीचे रंग एकमेकांवर नांदत नाहीत. सिंथेटिकवर एनसी मारला तर एनसीचा कडक थिनर खालचा थर उचलतो, सुरकुत्या पडतात. जुन्या एनसीवर टू-केचा जाड थर दिला तर आज आरसा दिसेल, पण खालचा थर आकसत राहतो आणि पुढे वर बारीक तडे येतात. म्हणून आमच्या मेस्तांनी, म्हणजे रंगकाम करणाऱ्या मिस्त्रींनी, गाडी बघितली आणि एवढंच म्हटलं, "रंग मागीर, पयलीं पत्रो पळोवया." रंग नंतर, आधी पत्रा बघूया. मला तिथेच कळलं की गाडी यांच्याकडेच द्यायची.

मग रिमूव्हर लावून सगळा रंग उतरवला. सँडब्लास्टिंगचं, म्हणजे जोरात वाळू मारून रंग उडवायचं, एकाने सुचवलं होतं पण बॉनेट आणि छतासारख्या मोठ्या सपाट पत्र्याला त्याने लाटा येऊ शकतात, त्यामुळे ते फक्त खालच्या जाड भागांपुरतं. रंग उतरल्यावर खरी गाडी दिसली. पद्मिनी कुठे सडते ते ठरलेलं आहे, दोन्ही बाजूंचे सिल, पायाखालचा फ्लोअर, डिकीचा तळ जिथे स्टेपनीखाली पाणी साचतं, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी, हेडलाईटच्या मागची वाटी. आणि दारांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती मातीने बुजली की दार आतून कुजतं, बाहेरून फुगा दिसतो तोवर आत चाळण झालेली असते. गोव्यात समुद्राचं खारं वारं आणि वरून वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे जुना पत्रा टिकलाय याचंच कौतुक करायला हवं.

सडलेला भाग कापून २० गेज जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा जोडायचा, तोही मिग या विजेच्या वेल्डिंगने, गॅसने नको कारण गॅसची आच पसरते आणि आजूबाजूचा पत्रा वाकडा होतो. भोकावर जाळी ठेवून पुट्टी थापणारे अजूनही आहेत, आणि मला त्याचा खरोखर राग येतो, कारण गिऱ्हाईकाला ते दोन पावसाळ्यांनी कळतं. पत्र्याचं आणि वेल्डिंगचं आमचं बिल बावन्न हजार झालं. त्यातला एकही रुपया मला जास्त वाटला नाही.

उघडा पत्रा आमच्या दमट हवेत रात्रभर ठेवला की सकाळी त्याच्यावर तांबूस झाक येते, त्यामुळे मेस्त एका दिवसात जेवढं प्रायमर करता येईल तेवढंच उघडं करायचे. आधी इपॉक्सी प्रायमर, त्याच्यावर गरज तिथेच पातळ पुट्टी, मग सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा जाडसर थर, मग वरून काळ्या रंगाचा हलका फवारा, गाईड कोट म्हणतात त्याला. आता ठोकळ्यावर पेपर लावून घासलं की उंच जागचा काळा जातो, खड्ड्यातला राहतो, डोळ्यांना न दिसणारी लाट तिथे दिसते. परत सरफेसर, परत घासा, ३२० नंबरच्या पेपरपासून बारीक ८०० पर्यंत. तासन् तास दोन पोरं फक्त हेच करत होती आणि मी तिथे बसून बघायचो, अंगठ्याने नाही तर अख्ख्या तळव्याने पत्रा चाचपायचे, डोळे मिटून. मजुरी अठ्ठावन्न हजार लागली ती ह्याची. सरफेसर, पुट्टी, थिनर, पेपर, रंग असं मटेरियल अडतीस, आणि नवीन रबरं, बीडिंग (कडेच्या पट्ट्या), परत फिटिंग मिळून सतरा हजार.

रंग कुठला यावर घरात बरीच चर्चा झाली. चुलतभावाला मेटॅलिक लाल हवा होता. मी सॉलिड फिका निळा धरून बसलो, कारण डिकीच्या रबराखाली मूळ रंगाची एक स्वच्छ पट्टी सापडली, दुकानात नेऊन तिच्यावरूनच मिक्स करून घेतला. सॉलिड रंगाचा फायदा असा की पुढे एखादं दार खरचटलं तर तेवढंच करता येतं, मेटॅलिकला शेजारच्या पॅनलवर ब्लेंड करावं, म्हणजे रंग हळूहळू विरवत न्यावा लागतो, नाहीतर उन्हात वेगळं दिसतं. शिवाय आरसीवर रंग लिहिलेला असतो, तो बदलायचा तर आरटीओचं काम वाढतं. आणि खरं सांगू, फियाट तिच्या स्वतःच्या रंगात उभी राहिली की तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या बंद झाल्या, आता ज्या उरल्यात त्या अशाच घराघरांत.

वेळेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते मे, त्यानंतर गाडी देऊच नका. चवथीपूर्वी करून द्या म्हणून लोक मागे लागतात पण पावसात थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं आणि एनसी तर पांढरा धुरकट पडतो. कॉम्प्रेसरच्या नळीतूनही पाणी येतं, ते अडवणारा वॉटर सेपरेटर लावलाय का ते स्वतः बघा. बूथ, म्हणजे रंग मारायची खास बंद खोली, नसला तरी चालेल, आमच्याकडेही नव्हता, प्लॅस्टिकने खोली बंद केली, जमीन ओली केली, आणि सकाळी वारा पडलेला असताना मारला.

एक गोष्ट मात्र कोटेशनमध्येच लिहून घ्या, मास्क. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, ती श्वासात गेली की दमा लागू शकतो, आणि एकदा लागला की पुढे थोड्याशा वासानेही उठतो. कितीतरी पेंटर तोंडाला रुमाल बांधून मारतात, रुमालाने काहीच अडत नाही. हवा पुरवणारा मास्क सगळ्यात चांगला, नाहीतर निदान नीट बसणारा, फिल्टरचं कार्ट्रिज वेळेवर बदललेला तरी. आम्ही आमच्या पैशाने घेऊन दिला. मेस्तांनी सुरुवातीला हातातच धरला, मग त्यांच्या मुलीने येऊन स्वतः पट्टे आवळून दिले, त्यानंतर काढला नाही.

बंपर आणि ग्रिलचं क्रोम अजून बाकी आहे, ते या हिशोबात नाही. रंग पूर्ण कडक होईपर्यंत महिनाभर वॅक्स नाही, गच्च कव्हर नाही, फणसाच्या झाडाखाली तर मुळीच नाही, एवढं काकांना सांगून ठेवलंय आणि ते रोज संध्याकाळी ओल्या मऊ फडक्याने पुसून येतात.