टवका

परवा दुपारी आईच्या हातून बत्ता पडला. शेंगांची चटणी निम्मी कुटून झाली होती. बत्त्याला काही झालं नाही, त्याला कधी काही होतही नाही. फरशीचा मात्र बदामाएवढा टवका उडाला. आणि त्या पांढऱ्याशुभ्र टाइलच्या आतून चक्क लाल माती निघाली, कुंडीची असते तशी. चौदा वर्षं मी ती फरशी पांढरी समजून पुसत होते.

"आपल्या शाबादीला कधी काही झालं नाही बघ," आई म्हणाली आणि सांडलेला कूट बोटांनी गोळा करायला लागली.

आपली शाबादी म्हणजे सोलापूरच्या घरातली. शहाबाद तिथून काही फार लांब नाही. वाडीकडे जाणाऱ्या गाडीत गुलबर्गा गेलं की येतं. (कलबुर्गी म्हणायला जीभ अजून वळत नाही.) तिथला दगड जमिनीतूनच थराथराने निघतो, त्यामुळे लाद्या पाडायला सोपा, म्हणून स्वस्त, म्हणून आमच्या घरात. ओटा होता, पण त्यावर फक्त स्टोव्ह. बाकी सगळा स्वयंपाक जमिनीवर. विळी जमिनीवर, परात जमिनीवर, पाटा जमिनीवर, ताटं जमिनीवर. आजीच्या खलबत्त्याची लादी ठरलेली होती. रोज तिथेच बसून ती कुटायची आणि आख्ख्या घराला तो ठोका ऐकू जायचा. तो थांबला की चटणी झाली.

मे महिन्यात दुपारी आजी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची आणि आम्ही भावंडं पालथी पडायचो, गाल जमिनीला लावून. एक गाल गार झाला की दुसरा. प्रत्येकाची लादी ठरलेली. माझी मोरीजवळची, पांढुरक्या डागाची. कोणे एके काळी तिच्यावर चिंचेचा कोळ सांडला होता. हा दगड चुन्याचा, आंबटाने त्याची झिलई जाते. आजीचं निदान वेगळं होतं. "तिला आंबट बाधतं," असं ती शेजारच्या सुनेबद्दल बोलावं तसं सांगायची. आणि फडताळासमोरची एक लादी निसटलेली होती. तिच्यावर पाय पडला की टक्क वाजायचं आणि ओसरीवरून विचारणा व्हायची, "कोण आहे रे लाडवांपाशी?"

तर टवका उडाला आणि मी टाइल्सच्या दुकानात गेले. पर्समध्ये बत्ता घेऊन. हा माझा विक्षिप्तपणा आहे, मान्य. पण साडी घेताना आपण पदर चुरगाळून बघतो, कलिंगड घेताना टिचकी मारतो, आणि पुढची वीस वर्षं जिच्यावर उभं राहायचं ती फरशी मात्र नुसती चमक बघून घ्यायची?

"व्हिट्रिफाइड घ्या ताई, मोरबीचा माल आहे," दुकानदार म्हणाला. ही जवळजवळ पाणी पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्याही आत. भिंतीची टाइल दहा टक्क्यांच्या वर पिते, ती चुकूनही खाली लावू नका, हेही त्याने सांगितलं. माणूस जाणकार होता. मी बत्ता काढल्यावर मात्र खुर्चीतून उठला. मग मागे नेऊन तुकड्यांच्या ढिगावर त्याने मला काय हवा तो हैदोस घालू दिला. गुडघ्याएवढ्या उंचीवरून मी बत्ता सोडत गेले. टवका सगळ्यांचाच उडाला. फरक इतकाच, की चकचकीत टाइलचा आतला रंग वेगळा निघाला आणि 'फुल बॉडी' म्हणतात तिचा आतही तोच. इथे माणसांवर घसरायचा मोह होतोय, आवरते.

खरं घसरायचं तर चकचकीतवर. बाटलीतलं पाणी ओतून, चपला काढून, ओल्या टाचेने मी उभी राहून पाहिलं आणि दुकानदाराचाच खांदा धरावा लागला. हळदीचं म्हणाल तर ती टाइलला लागतच नाही, दरजांना लागते. तेव्हा दरजा एपॉक्सीने भरायच्या. थोडे पैसे जास्त जातात, पण तिथे कंजुषी करू नये.

घरी मी शहाबादीचा विषय काढून पाहिला. "पार्किंगमध्ये असते ती?" चिरंजीवांनी विचारलं. नवऱ्याने कागदच पुढे घेतला. दगड स्वस्त, कबूल. पण तो जाड, खाली मालाचा थर, म्हणजे जुनी फरशी उखडा, मग मशीनचं पॉलिश, त्याची रबडी आठवडाभर घरभर. टाइल जुन्या फरशीवरच चिकटते, फार तर दार खालून थोडं तासायचं. एवढा हिशोब झाल्यावर मी काय बोलणार? राखाडी, मॅट, फुल बॉडी, दोन बाय दोन. दुकानदार म्हणतो, हुबेहूब शहाबादीसारखी दिसते. दिसत नाही. आणि दिसली तरी तिच्यावर गाल टेकून कोण पडणार आहे? आमच्या घरात आता जमिनीवर बसते ती एकटी आई.

मिस्त्री सोमवारी येतोय. आईला हा खर्च मुळीच पटलेला नाही. "मी खाली पोतं घालून कुटीन की," म्हणाली, आणि काल घातलंही. ठोका पोत्यात मुरतो, त्यामुळे तो मध्येच थांबल्याचं मला उशिरा कळलं. जाऊन पाहिलं तर बत्ता मांडीवर ठेवून ती उजवा पंजा डाव्या हाताने दाबत बसली होती.

"मुंग्या आल्या," म्हणाली. "येतात हल्ली."

इतक्या वर्षांत तिच्या हातून बत्ता कधी सुटला नव्हता. मी चार दुकानं फिरले, मिस्त्रीला आगाऊ पैसे दिले. हाताचं अजून कुणाला विचारलेलं नाही.